एक प्रश्न मागे

"सात नवे?"

खडू टेबलावर टक्कन आपटला. रैनी माझ्याकडे बघत उभी. ओठ हलले, पण आवाज काही फुटला नाही.

"आठ साते?"

"त्रेसष्ट," रैनी म्हणाली.

वर्ग खदखदून हसला. मीसुद्धा हसले, खोटं कशाला बोलू?

"बारा चोक?"

"छप्पन्न."

"वा गं वा! छप्पन्न म्हणे! राहा उभी." मी पुढच्या पोरीकडे वळले. तिला पहिला प्रश्न टाकते न टाकते तोच मागून रैनीचा बारीक आवाज आला, "अठ्ठेचाळीस."

"तुला विचारलं का मी? दुसरीच्या पाळीत तोंड घालू नको!"

घंटा होईपर्यंत भिंतीला पाठ न टेकता रैनी उभी राहिली. टेकायचं नाही, हाही माझाच नियम होता.

या गोष्टीला आता वीस-एकवीस वर्षं झाली. गडचिरोलीकडच्या जंगलात मुलींची एक आश्रमशाळा होती, तिथे मी पाचवीला गणित शिकवत होते. मी कुंदा बोबाटे, मूळची वर्ध्याची. घरात पाच भावंडं, त्यामुळे जो आधी बोलेल त्याला आधी वाढलं जायचं. तिथून माझी जीभ जी चपळ झाली ती झालीच. हळू बोलणारा माणूस दिसला की माझ्या अंगाला खाज सुटायची.

त्या चपळाईतूनच मी 'टपाटप' काढली होती. दर शनिवारी सकाळच्या शाळेत सगळ्या पोरी उभ्या राहायच्या. प्रत्येकीला पाढ्यांचे तीन प्रश्न. माझा खडू टेबलावर पडायच्या आत उत्तर आलं पाहिजे. तिन्ही बरोबर आली तर खाली बसायचं, नाहीतर राहा उभी. मी एका वहीत सगळं टिपून ठेवायची, प्रश्न डावीकडे आणि पोरीने दिलेलं उत्तर उजवीकडे. बाकीच्या वर्गांतल्या पोरी खिडकीच्या गजांना लोंबकळून बघायला यायच्या. मला त्या टपाटपचा केवढा गर्व होता, काय सांगू!

अजूनही ती शाळा डोळ्यांपुढून हलत नाही. पत्र्याचं छप्पर, आंब्याला टांगलेला रुळाचा तुकडा, तीच आमची घंटा. मार्चमध्ये मोहाची फुलं गळायला लागली की वर्गभर तो गोड, घेरी आणणारा वास. रविवारी पोरी एकमेकींच्या मागे बसून डोक्याला तेल लावायच्या, अशी वीस-वीस पोरींची आगगाडी व्हायची. मी जाऊन त्या आगगाडीत शेवटी बसले की खिदळून खिदळून लोळायच्या.

रैनी तुमरेटी त्या आगगाडीत नेहमी कडेला असायची. अकरा वर्षांची, काडीसारखी, डोळ्यांच्या पांढऱ्यात पिवळी झाक. तिला सिकलसेल होता. म्हणजे काय, तर तिचे हातपाय दुखतात, तिला थंड पाण्याने आंघोळ घालायची नाही, रोज एक पिवळी गोळी द्यायची, एवढंच आम्हा मास्तर लोकांना ठाऊक होतं. ती तांब्याने पाणी प्यायची आणि तासाला दोनदा करंगळी वर करायची. मी चिडायची. दुखणं रक्ताचं आहे, हातापायाचं आहे, डोक्याचा त्यात काय संबंध, असं माझं साधं गणित होतं.

आणि राग यायला कारणही होतं. दिवाळीच्या आधी टपाटपला सगळ्यात पहिली खाली बसणारी पोरगी हीच होती. सुट्टीहून आली ती अशी. विचारलं की टकामका बघणार, लिहिताना पेन्सिल बोटांतून सुटणार, अर्धं वाक्य लिहून थांबणार. मला वाटलं, सुट्टीत पोरगी बिघडली, ढोंग करते. मग वाटलं, नाही, हिची अक्कलच एवढी होती, संपली.

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. झाडे सर वाईट माणूस नव्हते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, डोक्याला ताप नको होता, इतकंच.

"बोबाटेबाई, मंगळवारी तपासणीला साहेब येतात. ती तुमरेटीची पोरगी, महिन्यातले दहा दिवस आजारी खोलीत. उरलेल्या दिवसांत काय दिवे लावते?"

"काही नाही, सर. सहावीत गेली तर माझी मान कापून देईन."

"मग पटावरून नाव कमी करून टाकू. बापाला सोमवारी बोलावलंय. घरी राहील, आराम करेल बिचारी. तुम्ही अहवाल तेवढा लिहून द्या. 'शिकण्यास असमर्थ', असं स्पष्ट पाहिजे."

"देते की," मी म्हणाले.

प्रगतीच्या रजिस्टरात तर मी जानेवारीतच लिहून ठेवलं होतं, लाल शाईने, माझ्या वळणदार अक्षरात: 'बुद्धी मंद. शिकवून उपयोग नाही.'

नाव कमी होणं म्हणजे काय, हे मला चांगलं माहीत होतं. तिच्या टोल्यावर, म्हणजे जंगलातल्या दहा-वीस घरांच्या वस्तीवर, चौथीच्या पुढे शाळा नव्हती. गोळी देणारी सिस्टर यायची ती आमच्या शाळेत, तिच्या टोल्यावर नव्हे. पटावरून गेलेली आणि परत आलेली एकही पोरगी मी सात वर्षांत पाहिली नव्हती. हे सगळं माहीत असून मी 'देते की' म्हणाले आणि जाऊन पोटभर जेवले.

रविवारी दुपारी अहवाल लिहायला व्हरांड्यात बसले. रैनीचे पाय शनिवारच्या उभं राहण्याने ठणकायला लागले होते, म्हणून ती आजारी खोलीत होती. उपकेंद्राच्या पुष्पलता सिस्टर तिच्यापाशी बसल्या होत्या. मला वाटलं, नुसतं 'असमर्थ' लिहिण्यापेक्षा पुरावा जोडावा. काम कसं चोख पाहिजे! म्हणून टपाटपची वही काढली आणि रैनीचे मागचे चार शनिवार एका कागदावर उतरवायला घेतले.

सात नवे, उत्तर नाही. आठ साते, त्रेसष्ट. बारा चोक, छप्पन्न.

मी लिहिता लिहिता थांबले. सात नवे किती? त्रेसष्ट. आठ साते? छप्पन्न.

मी आधीचा शनिवार काढला. नऊ सक, उत्तर नाही. सात आठे, चोपन्न. तेरा त्रिक, छप्पन्न.

त्याच्याही आधीचा काढला. चारही शनिवार तेच. पहिल्या प्रश्नाला मौन, दुसऱ्याला पहिल्याचं उत्तर, तिसऱ्याला दुसऱ्याचं. आणि तिसऱ्याचं? तिसऱ्याचं उत्तर वहीत नव्हतंच, कारण तोवर मी पुढच्या पोरीकडे वळलेली असायची. 'अठ्ठेचाळीस' तर मी माझ्या या कानांनी ऐकलं होतं, आणि तोंड घालू नको म्हणून तिलाच झापलं होतं.

बाप्पा! बारा प्रश्न, आणि पोरीचं एकही उत्तर चुकलेलं नव्हतं. ती फक्त एक प्रश्न मागे चालत होती.

मी वही घेऊन तशीच आजारी खोलीत गेले. रैनी गोधडीत, गुडघे पोटाशी. सिस्टर तिच्या पोटऱ्यांना गरम कपड्याने शेकत होत्या.

"रैनी, एकच प्रश्न विचारते हं. नऊ आठे?"

आणि मी तोंड मिटलं. माझ्यासारख्या बाईला तोंड मिटून बसणं म्हणजे काय शिक्षा आहे, ते मलाच ठाऊक. काही तरी करावं म्हणून मनात आकडे मोजायला लागले. एक, दोन, तीन. तिचे ओठ हलले. चार, पाच. डोळे छपराकडे गेले. सिस्टर माझ्याकडे बघायला लागल्या. सात, आठ.

"बहात्तर."

"चौदा पंचे?"

पुन्हा मोजलं. नवावर उत्तर आलं, "सत्तर."

"अगं बाई माझे, मग सांगत काऊन नव्हतीस?"

तिने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मी मोजायचंही विसरले.

"सांगत होते ना, बाई," ती म्हणाली.

मी खोलीबाहेर येऊन आंब्याखाली उभी राहिले. थोड्या वेळाने सिस्टर आल्या.

"बाई, तुम्ही काऊन रडून राहिल्या?"

मी वही दाखवली. सिस्टर शांतपणे वाचत गेल्या. मग विचारलं, "ही पहिल्यापासून अशी होती?"

"नाही हो. दिवाळीपर्यंत माझ्यापेक्षा तेज होती."

"दिवाळीत काही झालं होतं का? फिट, एखादा हात लुळा पडणं, बोबडी वळणं?"

"मला काय माहीत?"

"बापाला विचारा. आम्हाला नागपूरला प्रशिक्षणात सांगितलं होतं. या लेकरांचं रक्त जसं पायात अडकते ना, तसं डोक्यातही अडकू शकते. कधी मोठा झटका येतो, कधी कोणाला पत्ताही लागत नाही. लेकरू तसंच हसते-खेळते, पण मंदावते. लक्ष टिकत नाही, उत्तर उशिरा येते. हिचं तसंच झालं असं मी म्हणत नाही, ते डॉक्टर मोठ्या दवाखान्यात बघतील. पण आपल्या नाल्यावरचा पूल बुडाला की एस.टी. काय करते?"

"फिरून येते, कोसमीवरून."

"येते ना? मग गाडी बंद झाली म्हणून बोर्ड लावता का तुम्ही?"

मी वही परत घेतली आणि अहवालाचा कागद घडी करून तिच्यात कोंबला.

सोमवारी सकाळी रैनीचा बाप आला. देवसू तुमरेटी, उंच, खांद्यावर टॉवेल, पहाटेपासून चालत आलेला. मुख्याध्यापकांच्या खोलीत त्याला खुर्ची दिली तरी तो दाराशी उभाच राहिला. रैनीची पत्र्याची पेटी कोणीतरी आधीच बांधून व्हरांड्यात आणून ठेवली होती. ती पेटी बघून माझं डोकंच फिरलं.

"देवसूभाऊ," मी म्हणाले, "दिवाळीत रैनीला काही झालं होतं?"

त्याने सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "झालं होतं जी. सकाळी पेज पेत होती, हातातली वाटी पडली. तोंड वाकडं झालं थोडं, शब्दच निघेना. पुजाऱ्याकडे नेलं. सांजेपर्यंत बोलाले लागली, हात बी उचलला. बरी झाली म्हणून मग कोणाले सांगतलं नाही. चुकलं का जी?"

"तुमचं नाही चुकलं," मी म्हणाले.

झाडे सर घड्याळ बघत होते. "बाई, अहवाल?"

"अहवाल नाही लिहिला. सर, पोरगी मंद नाही. ती उशिरा उत्तर देते, पण बरोबर देते."

"काय सांगता? शनिवारी तर मान कापून देत होत्या."

"आज कापा! पण आधी तिला एक प्रश्न विचारा. एकच. आणि मी सांगेपर्यंत दुसरा विचारायचा नाही."

सरांनी चष्मा काढला. रैनी बापाच्या धोतराला धरून उभी होती. पेटी तिनेही पाहिली होती.

"तेरा साते?" सर म्हणाले.

मी मोजायला लागले. एक. दोन. तीन. खोलीत घड्याळाची टिकटिक. पाच. सर म्हणाले, "बघा, मी म्हटलं होतं..." आणि मी, मुख्याध्यापकांना, हात वर करून गप्प केलं! आठ. देवसूच्या कपाळावर घाम. दहा. काल नवावर आलं होतं. आज पोरगी घाबरलेली, समोर साहेबासारखा माणूस, बाहेर बांधलेली पेटी. बारा. तिचे ओठ हलायचे थांबले. गेलं, मी मनात म्हणाले, विसरली ती प्रश्न.

"एक्याण्णव."

देवसूला पाढा येत नव्हता. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी मान हलवली तेव्हा त्याने टॉवेलने तोंड पुसलं.

सरांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, "ते ठीक आहे, बाई. पण परीक्षेत हिच्यासाठी कोण थांबणार आहे?"

"मी थांबते."

"आणि पुढे?"

"पुढचं पुढे बघू. पण निदान जिथे मी आहे तिथे तरी तिला कोणी घाई करायची नाही."

"वार्षिक परीक्षेपर्यंत," सर म्हणाले. "त्यानंतर मला बोलायचं नाही. आणि मंगळवारी साहेबांना हे सगळं तुम्हीच सांगा."

"सांगते. माझं तोंड काय फक्त पोरींना झापायला आहे?"

मी रजिस्टर मागून घेतलं. माझी ती लाल ओळ आडव्या रेघेने खोडली. सर ओरडले, "अहो, रजिस्टरात खाडाखोड!" मी म्हटलं, "खाली सही करते ना." आणि सहीच्या वर लिहिलं: 'उशिरा उत्तर देते. थांबावे.'

पेटी मी स्वतः उचलून परत आत नेली. चांगलीच जड होती.

पुढे सिस्टर आणि देवसू तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. सिस्टरांचा अंदाज खरा निघाला. उपचार सुरू झाले, फेऱ्या सुरू झाल्या. टपाटप तर मी पेटी आत नेली त्याच आठवड्याच्या शनिवारी बंद केली. नवा नियम असा की, मी प्रश्न टाकला की सगळ्यांनी मनात वीस मोजायचे आणि मगच हात वर करायचे. पहिले दोन आठवडे तेज पोरी नुसत्या चुळबुळत होत्या. पण एक मजा झाली. ज्यांनी वर्षभर कधी तोंड उघडलं नव्हतं, अशा चार-पाच जणींचे हात वर यायला लागले. त्यांना कुठलंही दुखणं नव्हतं. त्यांना फक्त मीच नडत होते.

रैनी पाचवी पास झाली. पहिली-बिहिली नाही आली, सदतीस टक्क्यांनी आली. मी शाळाभर शेंगदाण्याचे लाडू वाटले.

त्याच जूनमध्ये माझी बदली झाली. निघायच्या दिवशी पोरी फाट्यापर्यंत सोडायला आल्या. रडारड, मोगऱ्याचे गजरे, जांभळं बांधलेल्या पुरचुंड्या. एस.टी. आली. मी पायरीवर पाय ठेवला आणि रैनी दिसली, नेहमीसारखी कडेला. मी परत खाली उतरले आणि तिचा हात धरला.

"रैनी, दर शनिवारी मी तुला उभं केलं. माझ्यावर राग आहे का गं?"

तिने माझ्याकडे बघितलं. ओठ हलायला लागले. मी मोजू लागले. एक, दोन, तीन, चार. कंडक्टरने घंटी मारली. "चला हो बाई, पुढं नाला चढून राहिला!" पाच. सहा. त्याने पुन्हा घंटी मारली, आणि मी चढले.

अख्ख्या शाळेला थांबायला शिकवणारी मी, त्या दिवशी सहावर निघून गेले. खिडकीतून मागे बघितलं तर ती तिथेच उभी, तोंड किंचित उघडं. काहीतरी बोलली ती. गाडीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

मागच्या महिन्यात फोन आला. मी आता वर्ध्याला असते, निवृत्त. सकाळी भाजी निवडत होते.

"बाई, मी रैनी."

आवाज जाड झाला होता, पण तोच. नंबर पुष्पलता सिस्टरांकडून मिळवला म्हणाली. रैनी आता शिवणकाम करते, आमच्याच त्या शाळेच्या पोरींचे गणवेश शिवते. थंडीत हाडं दुखतात, दर महिन्याला दवाखाना असतो. बाप गेला, आई आहे. "माझं शिवणं हळू आहे बाई," ती म्हणाली, "पण उसवत नाही." मी हसले, तीही हसली. तेल लावायच्या आगगाडीची आठवण काढली. रुळाची ती घंटा कोणी चोरून नेली म्हणे.

मग ती गप्प झाली. फोन कटला का म्हणून मी बघितलं. कटला नव्हता. जुनी सवय, मी मोजायला लागले. दहा झाले, पंधरा झाले. भाजी हातात तशीच.

"बाई, तुम्ही विचारलं होतं ना," ती म्हणाली. "हाव. होता राग."

मी डोळे मिटले. वीस वर्षं मला हेच ऐकायची भीती होती. "खरं आहे गं बाळा," मी म्हणणार होते, पण बोलले नाही. तिचं संपलं असेल-नसेल. मी पुन्हा मोजू लागले.

"उभं केलं त्याचा नाही," ती सावकाश म्हणाली. "गाडीत चढल्या ना तुम्ही, त्याचा. मी 'नाही' म्हणत होते."

मी, कुंदा बोबाटे, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना.

पलीकडे रैनी काही बोलली नाही, फोनही ठेवला नाही. तिच्या शिलाई मशीनजवळ कुठेतरी कोंबडी ओरडत होती, ते मला ऐकू येत होतं. ती माझ्यासाठी थांबली होती.